सत्तर गुणांच्या अलीकडे

पीएचडीला बसणाऱ्या मुलांना मी एक सल्ला न विचारता देतो. कायदा, योजना, सर्वेक्षण, काहीही वाचायला घ्या, आधी व्याख्यांचं कलम वाचा. प्रस्तावना नंतर. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणता माणूस उभा होता, हे व्याख्येत कळतं. मी एम.एस्सी. संख्याशास्त्रात केली आणि पीएचडीला मोजमापांच्या इतिहासाकडे वळलो, तेव्हा हा सल्ला माझ्या कामाचाच भाग आहे. पण आजचा लेख ज्या व्याख्येबद्दल आहे, तिच्या मी स्वतः काठावर उभा आहे.

हकिगत थोडक्यात सांगतो. २०२१पासून मी नैराश्यावर उपचार घेतोय. गोळ्या बदलल्या, समुपदेशन झालं. झोप सुधारली, जेवण जायला लागलं, सकाळी नेरूळहून लोकल पकडण्याइतकं बळ आलं. पण काही गोष्टी जागच्या हलल्या नाहीत. सेमिनारनंतर चहाच्या वेळी आपण कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, ते कळत नाही. डब्यातला आवाज आणि घामाचा वास एकदम अंगावर येतो, मग विद्यापीठात पोचल्यावर तासभर काही सुचत नाही. ठरलेली मीटिंग ऐनवेळी पुढे गेली की अख्खा दिवस वाया. आणि हे सगळं नैराश्याच्या आधीचं, शाळेपासूनचं. एका ओपीडीत मी हे भीत भीत सांगितलं. उत्तर आलं: "तुम्ही पीएचडी करताय, नीट बोलताय. ऑटिझम लहान मुलांना असतो."

त्या दिवशी राग आला. नंतर जुने कागद वाचायला घेतले तेव्हा लक्षात आलं की हे वाक्य त्या डॉक्टरांचं एकट्याचं नव्हतंच. ते बरंच जुनं आहे.

शब्दापासून सुरुवात करू. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांचा. स्किझोफ्रेनियावरच्या १९११च्या ग्रंथात त्यांनी तो बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून आपल्यातच राहणाऱ्या रुग्णांसाठी वापरला. 'ऑटोस' म्हणजे ग्रीकमध्ये 'स्वतः'. मराठीत आपण 'स्वमग्नता' म्हणतो ते याचंच भाषांतर, आणि म्हणूनच मला तो शब्द जरा खुपतो. मग्न असणं ही हौसेची गोष्ट वाटते. चहाच्या टेबलापाशी मी मग्न नसतो, मी हिशेब मांडत असतो.

१९४३मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांवरचा आपला प्रसिद्ध निबंध छापला. त्यात ८ मुलगे, ३ मुली. तिथून ऑटिझम हा बालरोगविभागाचा विषय झाला. पुढच्या वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्परगर यांनी अशाच, पण भरपूर बोलणाऱ्या मुलांबद्दल जर्मनमध्ये लिहिलं. युद्धाच्या धामधुमीत ते बाहेर फारसं कुणी वाचलं नाही. (नाझी राजवटीतला अ‍ॅस्परगरांचा सहभाग २०१८च्या संशोधनात उघड झाला, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) गंमत म्हणजे कॅनरांचा पहिला 'मुलगा', मिसिसिपीचा डोनाल्ड ट्रिप्लेट, मोठा झाला, बँकेत नोकरीला लागला, म्हातारा झाला आणि २०२३मध्ये वारला. कॅनरांनी १९७१मध्ये त्या अकरा जणांचं पुढे काय झालं तेही लिहिलं होतं. म्हणजे मुलं मोठी होतात हे माहीत होतं. निदानाच्या पुस्तकात मात्र ते उतरायला वेळ लागला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम या ग्रंथाच्या १९८०च्या आवृत्तीत नावच 'शैशवातला ऑटिझम' असं होतं.

त्यानंतर वर्षभरातच, १९८१मध्ये, लंडनच्या लॉर्ना विंग यांनी अ‍ॅस्परगरांचं काम इंग्रजीत आणलं. संशोधनाच्या विद्यार्थ्यांनी हा निबंध जरूर मिळवून वाचावा. त्यातले ३४ जण ५ ते ३५ वर्षांचे आहेत. इथे प्रौढ माणूस पहिल्यांदा नीट दिसतो, आणि दिसतो तो उदास. किशोरवयाच्या शेवटी आणि तरुणपणी, आपण इतरांसारखे नाही हे उमगायला लागलं की अशा माणसांत चिंता आणि नैराश्य दिसतं, असं विंग यांनी तेव्हाच नोंदवलंय. ४०हून अधिक वर्षं झाली त्याला.

आता आपल्याकडे येऊ. १९९५च्या अपंगत्व कायद्यात सात प्रकार होते. त्यात ऑटिझम नव्हता. ज्याला दाखला हवा त्याला बहुधा 'मतिमंदत्व' या तेव्हाच्या सरकारी शब्दाखाली, बुद्ध्यांकाच्या वाटेने जावं लागे. बुद्ध्यांक चांगला असेल तर वाटच बंद. पालक संघटनांच्या पाठपुराव्यानंतर १९९९मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा आला आणि ऑटिझम हा शब्द पहिल्यांदा भारतीय कायद्याच्या नावातच आला. त्यातली व्याख्या मला आजही आवडते: कौशल्यांची असमान वाढ, तिचा परिणाम मुख्यतः संवादावर आणि सामाजिक क्षमतांवर, आणि त्याच त्या ठरावीक वागण्याची खूण. वयाचा उल्लेख नाही.

मग त्या कायद्यात मोठा माणूस आहे का? आहे, पण कसा ते पाहा. कायद्याचा जीव पालकत्वाच्या कलमात आहे. १८ वर्षांपुढच्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमायचा, आणि ते काम जिल्हाधिकारी ज्यात असतात अशा स्थानिक समितीने करायचं. यामागे 'आमच्या माघारी याचं काय?' हा आईबापांचा प्रश्न आहे. खरा, पोटतिडकीचा प्रश्न, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण म्हणून प्रौढ ऑटिस्टिक माणूस कायद्याला दिसला तो कुणाच्या तरी ताब्यात द्यायची व्यक्ती म्हणून. स्वतः रांगेत उभा राहून स्वतःच्या निदानाचा अर्ज भरणारा माणूस कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. सातचे २१ प्रकार झाले आणि ऑटिझम स्पेक्ट्रमला स्वतःची जागा मिळाली. मोठं पाऊल होतं, यात वाद नाही. पण व्याख्या वाचा. तिथे आता वय आलं: साधारणपणे आयुष्याच्या पहिल्या तीन वर्षांत दिसून येणारी स्थिती. १९९९मध्ये नसलेली ओळ २०१६मध्ये आली. त्याआधी तीनच वर्षं, २०१३च्या डीएसएममध्ये, नेमकी उलटी दुरुस्ती झाली होती. लक्षणं लहानपणापासून असली पाहिजेत, पण सामाजिक मागण्या झेपेनाशा होईपर्यंत ती पूर्ण दिसणार नाहीत, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकलेली राहतील, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. या दोन मजकुरांच्या मधल्या फटीत बरीच माणसं राहतात.

मोजपट्टीकडे वळतो, कारण माझं खरं काम तिथेच आहे. दाखल्यासाठी जी भारतीय पट्टी वापरतात ती 'इसा' या नावाने ओळखली जाते. ती सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केली आणि २००९मध्ये आली. १९८४मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या नावात तेव्हा 'मतिमंद' हा शब्द होता, आता 'बौद्धिक दिव्यांगजन' आहे. तिचं प्रादेशिक केंद्र आपल्या खारघरलाच आहे. लोकलने मी तिथून कितीदा गेलो असेन, पट्टीचा आणि या संस्थेचा संबंध वाचनातूनच कळला.

पट्टीत सहा गट आणि ४० बाबी. प्रत्येकीला १ ते ५ गुण. वागणं क्वचित दिसत असेल तर १, जवळपास सतत दिसत असेल तर ५. म्हणजे काहीच नसलेल्या माणसालाही ४० मिळतात आणि कमाल २००. ७०च्या खाली ऑटिझम नाही. ७०ला ४० टक्के दिव्यांगत्व, ७१ ते ८८ला ५० टक्के, असं कोष्टक वर चढत जातं.

आता कागद-पेन्सिल घ्या. बोलणं आणि भाषा या गटात ९ बाबी आहेत. माणूस सरळ वाक्यांत बोलत असेल तर तिथे ९च गुण. उरलेल्या ३१ बाबींतून ६१ मिळवायचे, म्हणजे सरासरी जवळपास २. त्यातही खेळ, पाळी घेणं, नजर देणं अशा गोष्टी बघणाऱ्याला दिसाव्या लागतात किंवा आईवडिलांनी सांगाव्या लागतात. मी नजर देतो. भुवयांच्या मधोमध बघायचं हे नववीत ठरवून शिकलो, आणि ते करताना समोरचा काय म्हणाला यातलं निम्मं सुटतं. त्या श्रमाला पट्टीत खाना नाही. पट्टी वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्या मुलांना सतत आधार लागतो, त्यांना दाखला मिळवून देण्याचं काम ती करते. तिच्यासमोर मूल बसवलेलं होतं, एवढंच.

मोजणीचंही तसंच. २०११च्या जनगणनेत ऑटिझमला वेगळा रकाना नव्हता. २०१८मध्ये छापून आलेला पाच ठिकाणचा मोठा भारतीय अभ्यास २ ते ९ वर्षांच्या मुलांचा आहे. त्यानंतरच्या वयाचं काय, हा प्रश्न त्या अभ्यासाचा नव्हताच. पण आपण वाचताना घसरतो आणि म्हणतो, 'आपल्याकडे मोठ्यांत हे दिसत नाही.' मोजलं नाही आणि आढळलं नाही, या दोन वाक्यांतला फरक प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात चुकणारे लोक मी पाहिलेत. मीही चुकलोय.

मग हे मोठे लोक जातात कुठे? मनोविकारांच्या ओपीडीत, नैराश्याच्या दारातून. लोकांत न मिसळणं, सपाट आवाज, थकवा, बिघडलेली झोप हे दोन्हीकडे असतं, आणि नैराश्यावर औषध आहे, म्हणून फाइलवर आधी तेच नाव येतं. ते चूकही नसतं. ऑटिस्टिक प्रौढांवरच्या अनेक अभ्यासांचा २०१९चा एकत्रित आढावा सांगतो की सुमारे ३७ टक्क्यांना आयुष्यात कधीतरी नैराश्य आलेलं असतं. इंग्लंडमध्ये मोठेपणी अ‍ॅस्परगरचं निदान झालेल्या ३७४ जणांचा अभ्यास २०१४मध्ये आला, त्यात ६६ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. हा आकडा मी पहिल्यांदा रात्री दोन वाजता, एकट्याने वाचला. तसं करू नका. वाचताना जड जात असेल तर कुणाशी तरी बोला. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

दोन्हींतला फरक ओळखायचा तर वैद्याला काळ विचारावा लागतो. नैराश्याला बहुतेकदा 'आधी' असतं: तेव्हा बरा होतो, मग असा झालो. ऑटिझमला तसं 'आधी' नसतं. म्हणून लहानपणाचा पुरावा मागतात, आणि माझ्या वयाच्या माणसाला तो म्हणजे आईच. मी साताऱ्याला फोन केला. आई म्हणाली, "तू तर किती शहाणा होतास. एका कोपऱ्यात बसवलं की तिथेच. कधी त्रास दिला नाहीस." मग बऱ्याच वेळाने, "पाहुणे आले की पलंगाखाली जायचास, ते सांगू का?" मी म्हटलं, तेच सांग. दोन दिवसांनी तिने तिसरीच्या प्रगतिपुस्तकाचा फोटो पाठवला. शेरा होता: हुशार, शांत, वर्गात मिसळत नाही.

२०२३च्या पावसाळ्यात एका मानसशास्त्रज्ञांनी चार बैठका घेऊन, आईशी फोनवर बोलून, डीएसएमप्रमाणे ऑटिझमचं निदान लिहून दिलं, सोबत नैराश्य. दाखल्यासाठी वेगळी तपासणी झाली. 'इसा'वर ६६ आले.

६६ म्हणजे काय, ते ज्यांना पीएचडी करायची आहे त्यांना सांगून ठेवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांत पीएचडीची मुदत सहा वर्षं आहे, फेरनोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची सवलत. दाखला नाही तर ही सवलत नाही. आणि इथे व्याख्या वाचायची सवय पुन्हा कामी येते. २०१६च्या कायद्यात आरक्षणासाठी '४० टक्क्यांपेक्षा कमी नाही' अशी अट आहे, आयोगाच्या नियमात '४०हून जास्त'. अक्षरशः वाचलं तर बरोबर ७० गुण मिळालेल्या विद्यार्थ्याला नोकरीतलं आरक्षण आहे, पण पीएचडीची वाढीव मुदत नाही. कुणी मुद्दाम केलं असेल असं वाटत नाही. दोन मसुदे वेगवेगळ्या टेबलांवर लिहिले गेले, एवढंच असावं.

गाइडना मी निदानाचा कागद दाखवला, दाखला नाही हेही सांगितलं. त्यांनी दोन गोष्टी केल्या. मीटिंगची वेळ दर गुरुवारी ११ ही कायम केली, आणि बदल असेल तर आदल्या दिवशी मेसेज. सहामाही प्रगती अहवाल समितीपुढे तोंडी मांडायचा असतो, त्यात प्रश्न आधी लेखी द्यावेत अशी विनंती त्यांनी समितीला केली. गेल्या वेळी तीनपैकी दोघांनी दिले. गोळ्या चालू आहेत, डोस कमी झालाय. 'इसा'च्या घडणीचं प्रकरण प्रबंधात चौथं आहे, त्याचा कच्चा मसुदा पुढच्या गुरुवारी द्यायचाय.