वेदना नावाचा आजार



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, ते सेवेच्या अखेरच्या काही वर्षांत वर्गात खुर्चीवर बसत नसत, हे आपणांपैकी अनेकांना स्मरत असेल. फळ्याशेजारच्या भिंतीला पाठ टेकून ते उभ्यानेच इतिहास शिकवीत. कंबरेचे दुखणे आहे, एवढेच आम्हांस ठाऊक होते. पुढे त्यांचे बोलणे कमी झाले, मधल्या सुट्टीत ते खिडकीशी एकटेच उभे राहू लागले; तेव्हा गुरुजी तिरसट झाले, असे आम्ही मुले म्हणत असू. त्यांच्या पश्चात घरच्यांनी मला कागदांची एक पिशवी दाखविली. तीत हाडांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या होत्या, वैद्यांचे काढे होते, क्ष-किरण चित्रे होती, एका देवस्थानचा अंगाराही होता. प्रत्येक कागदावर निदान निराळे होते. ते सर्व उपचार करणारे एकमेकांशी कधी बोलले असावेत, असे एकाही कागदावरून दिसत नव्हते. इतिहासाच्या शिक्षकाचे स्मरण इतिहासानेच करावे म्हणून आज मी दीर्घकालीन वेदनेच्या उपचाराचा इतिहास विषय म्हणून घेतला आहे.

या इतिहासाची एक मुळी आपल्या माळव्याच्या मातीतच आहे. माघ-फाल्गुनात मंदसौर-नीमचकडे गेलेल्यांनी अफूची पांढरी फुले पाहिली असतील. बोंडाला चिरा देऊन गोळा केलेल्या या चिकाने एकोणिसाव्या शतकात इंदूरच्या पेढ्या श्रीमंत केल्या, आणि दमणमार्गे व पुढे मुंबईमार्गे तो चीनपर्यंत गेला. त्या व्यापाराची कथा काळी आहे; ती आज सांगत नाही. त्याच सुमारास जर्मनीतील सर्ट्युर्नर या तरुण औषधविक्याने अफूतले वेदनाशामक सत्त्व वेगळे काढले आणि 1805 साली त्याविषयीचे पहिले टिपण छापले. हेच मॉर्फिन. 1853 मध्ये एडिंबरोच्या अलेक्झांडर वुड यांनी पोकळ सुईने ते त्वचेखाली टोचले. शस्त्रक्रियेतील रुग्ण त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हते. मज्जातंतूंच्या जुनाट दुखण्याने गांजलेले रुग्ण होते. आज जी सुई आपण तापातही सहज टोचून घेतो, ती मुळात जुनाट वेदनेसाठी आली.

औषध मिळाले, परंतु वेदना म्हणजे काय हे कळले नाही. देकार्तच्या 1664 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वेदनेला दोरीची उपमा आहे: पायाला विस्तव लागला की दोरी ओढली जाते आणि मेंदूत घंटा वाजते. या कल्पनेने वैद्यकावर तीनशे वर्षे राज्य केले. तिचा दुष्परिणाम असा की, जखम सापडली नाही तर घंटा खोटी ठरते, आणि रुग्णही खोटा ठरतो. अमेरिकन यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या वायर मिचेल यांनी गोळीने मज्जातंतू दुखावलेल्या सैनिकांचा अभ्यास केला. जखम भरून आल्यावरही कित्येकांचा हात आगीत धरल्यासारखा जळत राही. त्या वेदनेने शूर माणूस भित्रा होतो आणि शांत माणूस चिडखोर होतो, असे मिचेल यांनी नोंदविले. स्वभाव बिघडला म्हणून वेदना वाढली असे न म्हणता, वेदनेने स्वभाव मोडला, असे म्हणणारे ते त्यांच्या काळातले विरळाच. फ्रान्समध्ये रने लरिश या शल्यविशारदांनीही युद्धातील जखमींवर उपचार करताकरता रेंगाळणारी वेदना हाच एक आजार मानावा, असे मत मांडले. ते फार कोणी ऐकले नाही.

ज्याचे ऐकले गेले, तो माणूस कुस्तीगीर होता! जॉन बोनिका यांचा जन्म 1917 साली सिसिलीजवळच्या फिलिकुडी या चिमुकल्या बेटावर झाला. बालपणीच ते न्यूयॉर्कला आले. वडील लवकर वारले. मुलाने बूटपॉलिश केले, वर्तमानपत्रे विकली, आणि वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी व्यावसायिक कुस्त्या केल्या. पुढे लष्करात डॉक्टर असतानाही ते मुखवटा घालून आखाड्यात उतरत. याच काळात पत्नीच्या प्रसूतीत एका अननुभवी डॉक्टरने दिलेल्या ईथरने तिचे प्राण कंठाशी आणले होते. भूलशास्त्राकडे त्यांचे आयुष्य वळण्यात त्या रात्रीचाही वाटा होता.

1944 मध्ये वॉशिंग्टन राज्यातील लष्करी रुग्णालयात युद्धातले जखमी येऊ लागले. मिचेल यांनी ऐंशी वर्षांपूर्वी वर्णिलेली माणसेच पुन्हा बोनिकांपुढे उभी होती. त्यांनी ग्रंथ चाळले, हाती फारसे लागले नाही. मग त्यांनी मेंदूचे, हाडांचे आणि मनाचे डॉक्टर एका टेबलाभोवती बसवून एकाच रुग्णाविषयी बोलावयास लावले. युक्ती इतकी साधी होती की, ती आधी कोणास का सुचली नाही याचेच नवल वाटते. 1953 मध्ये त्यांचा दीड हजार पृष्ठांचा ग्रंथ आला. 1960 नंतर सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात वेदनेचे स्वतंत्र चिकित्सालय उभे राहिले, आणि 1973 मध्ये त्यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय संघटना जन्मास आली. आखाड्याने त्यांचे खांदे आणि खुबे मोडून ठेवले होते. अनेक शस्त्रक्रिया होऊनही वेदना 1994 मधील मृत्यूपर्यंत त्यांना सोडून गेली नाही. दुखणाऱ्या माणसाला ते खोटारडा म्हणू शकत नव्हते, याचे कारण ग्रंथांत शोधावयास नको.

या काळात मनाचा प्रश्नही नव्या वाटेने पुढे आला. 1957 मध्ये स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी इमिप्रामिन हे औषध खिन्नतेवर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. थोड्याच वर्षांत ध्यानात आले की, या जातीची औषधे वेदनेवरही चालतात. नागिणीनंतर उरलेली आग, मधुमेह्याच्या तळपायांची जळजळ अशा दुखण्यांत अ‍ॅमिट्रिप्टिलीन खिन्नतेच्या मानाने अल्प मात्रेत आराम देते, आणि तेही रुग्ण खिन्न नसताना. 1965 साली मेलझॅक आणि वॉल यांनी पाठीच्या कण्यातील ‘दारा’चा सिद्धान्त मांडला. वेदनेचे संदेश त्या दारातून वर जातात. मेंदूकडून खाली येणारे संदेश ते दार उघडतात वा लोटून घेतात. सिद्धान्ताचे तपशील पुढे बदलले, पण भय, निद्रानाश आणि निराशा ही वेदनेला शरीरातूनच वाढवू शकतात, हे त्यामुळे शास्त्राने मान्य केले. सिअ‍ॅटलचे मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस रुग्णाला गोळी दुखले म्हणून न देता घड्याळाप्रमाणे देवू लागले, आणि व्यायामही ठरलेल्या मापाने करवू लागले, त्या दिवशी दुखो वा न दुखो. वेदना जाईलच असे वचन त्यांनी दिले नाही. जगणे परत मिळावे, एवढेच उद्दिष्ट धरले.

हे कष्टाचे आणि खर्चाचे काम होते. अमेरिकेने सोपा मार्ग निवडला. 1980 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे पत्र छापून आले: रुग्णालयात अफूजन्य औषधे दिलेल्या 11,882 रुग्णांपैकी केवळ चौघांस व्यसन जडले. घरी वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्यांशी त्या आकड्याचा संबंध नव्हता. तरीही ते पत्र शेकडो लेखांनी पुरावा म्हणून उद्धृत केले, 1996 पासून नव्या गोळ्यांचा महापूर आला, आणि व्यसनाने व अतिमात्रेने लक्षावधी माणसे मेली.

आपल्याकडे नेमके उलट झाले. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने शिक्षा इतक्या कडक केल्या, आणि राज्याराज्यांतील परवान्यांची गुंतागुंत अशी वाढली की, रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. 1997 साली संपूर्ण देशात त्याचा वापर 18 किलोंच्या आसपास उतरला होता. नीमचच्या सरकारी कारखान्यात अफू येत होती, परदेशीही जात होती. आणि त्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर कर्करोगाचा रुग्ण रात्रभर ओरडत असला, तरी त्याला देण्यास मॉर्फिन मिळेल याची शाश्वती नव्हती. मुंबईत 1986 मध्ये शांती अवेदना आश्रम आणि कोझिकोड येथे 1993 मध्ये डॉ. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांची संस्था उभी राहिली. त्यांच्यासारख्यांच्या दीर्घ खटपटीनंतर 2014 मध्ये संसदेने कायदा सुधारला.

गुरुजींच्या कंबरेला मॉर्फिनची गरज नव्हती, हे स्पष्ट सांगतो. त्यांना त्या टेबलाभोवतीची माणसे हवी होती. पिशवीतल्या एका चिठ्ठीवर अ‍ॅमिट्रिप्टिलीनचे नाव आहे, मात्रा अल्प आहे. कोणा जाणत्या डॉक्टरने ती योग्यच लिहिली होती. घरच्यांनी सांगितले की, औषधाच्या दुकानात ‘ही डोक्याची गोळी आहे’ असे ऐकून गुरुजी परत आले. त्यांनी ती कधी घेतलीच नाही. ही गोळी कंबरेसाठी का, हे चार वाक्यांत समजावून सांगण्यास त्या दिवशी कोणास सवड झाली नसावी.

बोनिकांच्या संघटनेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली आणि तिला काही टिपा जोडल्या. माणूस दुखते म्हणून सांगतो, त्या सांगण्याचा मान राखावा, अशी त्यांतील एक टीप आहे. ती वाचल्यावर मी ती पिशवी पुन्हा उघडून पाहिली. रक्तदाब, वजन, मणक्यांचे क्रमांक, सारे नोंदलेले आहे. किती दुखते, आणि रात्री झोप लागते का, हे एकाही कागदावर लिहिलेले नाही.