जननक्षम काळ

मासिक पाळीच्या चक्रातील गर्भधारणा संभवणारे सुमारे सहा दिवस. बीजमोचन (अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडणे) साधारणतः पुढील पाळीच्या 14 दिवस आधी होते. स्त्रीबीज 12 ते 24 तास, तर शुक्राणू स्त्रीशरीरात पाच दिवसांपर्यंत टिकतात. म्हणून बीजमोचनाआधीच्या संबंधातूनही गर्भ राहतो. पाळी अनियमित असल्यास दिवस मोजण्याची पद्धत फसते. नको असलेली गर्भधारणा टाळण्यासाठी तातडीची गर्भनिरोधक गोळी असुरक्षित संबंधानंतर 72 तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर घ्यावी. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून या विषयाचे लोकशिक्षण केले. आज मुरगूड (ता. कागल, जि. कोल्हापूर) परिसरातील गावांत आशा सेविकांकडे गर्भनिरोधनाची साधने मिळतात. पाळी चुकल्यास लघवीची चाचणी करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.