पुराणमतवादी वृत्तसमीक्षा, अमेरिकेतील

चालू घडामोडींवर पुराणमतवादी दृष्टीने केलेले भाष्य आणि त्या घडामोडी वृत्तमाध्यमांनी कशा मांडल्या याची चिकित्सा, अशी दुहेरी स्वरूपाची अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक वैचारिक परंपरा. मर्यादित शासन, मुक्त अर्थव्यवहार, धर्म व कुटुंब यांविषयीची परंपरागत मूल्ये आणि साम्यवादविरोध ही तिची प्रमुख सूत्रे होत. दुसऱ्या महायुद्धानंतर ती संघटित झाली.

पार्श्वभूमी : वृत्तपत्रे एका बाजूला झुकलेली असतात, हा आक्षेप मूळचा पुराणमतवाद्यांचा नव्हे. कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर याने १९१९ मध्ये द ब्रास चेक या पुस्तकात वृत्तपत्रे भांडवलदारांच्या कह्यात असल्याचा आरोप केला होता. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत बहुतेक दैनिके फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्या विरोधात होती. तरीही ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्टनी जिंकली. त्या काळी रोष होता तो मालकांवर व अग्रलेखांवर. महायुद्धोत्तर पुराणमतवाद्यांनी हा रोख बदलला. मालक कोणीही असला, तरी बातमी निवडणारा व लिहिणारा पत्रकार उदारमतवादी असतो आणि त्याचा कल अग्रलेखापेक्षा बातमीच्या निवडीतून अधिक व्यक्त होतो, असा त्यांचा युक्तिवाद होता.

नियतकालिकांचा काळ : १९४४ मध्ये वॉशिंग्टन येथे ह्यूमन इव्हेंट्स हे पत्र सुरू झाले. १९५४ पासून क्लॅरेन्स मॅनियन या कायद्याच्या प्राध्यापकाने नभोवाणीवरून साप्ताहिक भाष्यास प्रारंभ केला. नोव्हेंबर १९५५ मध्ये विल्यम एफ्. बक्ली (१९२५–२००८) यांनी नॅशनल रिव्ह्यू काढले. परंपरानिष्ठ, मुक्त अर्थव्यवहाराचे पुरस्कर्ते व साम्यवादविरोधक अशा तीन गटांना त्यांनी एका व्यासपीठावर आणले. नियतकालिक तोट्यात चाले व देणग्यांवर तगून राही. तथापि त्याचा वैचारिक प्रभाव मोठा होता. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराच्या प्रश्नावर १९५७ मध्ये त्याने गोऱ्यांच्या वर्चस्वाची बाजू घेतली. ही भूमिका चुकीची होती, हे बक्लींनी पुढे मान्य केले. उलट १९६२ मध्ये जॉन बर्च सोसायटीच्या संस्थापकाच्या कटकारस्थानविषयक कल्पनांवर त्यांनी जाहीर टीका केली. स्वपक्षीयांच्या अतिरेकाला आवर घालणे हेही संपादकाचे काम आहे, ही जाणीव त्यामागे होती.

माध्यमविरोधाचे राजकारण : १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील रिपब्लिकन अधिवेशनात माजी अध्यक्ष आयझनहौअर यांनी खळबळ शोधणाऱ्या भाष्यकारांचा उल्लेख करताच प्रतिनिधींनी वार्ताहरांकडे वळून मुठी उगारल्या. या असंतोषाला शासकीय वाणी मिळाली ती १३ नोव्हेंबर १९६९ रोजी. अध्यक्ष निक्सन यांच्या व्हिएटनामविषयक भाषणानंतर दूरचित्रवाणीवर लगोलग झालेल्या टीकेचा उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी आयोवा राज्यातील डे मॉइन येथे समाचार घेतला. न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथील मूठभर, कोणीही न निवडलेली माणसे राष्ट्राचे मत घडवितात, हा त्यांचा मुद्दा होता. भाषणाचा मसुदा पॅट्रिक ब्यूकॅनन यांचा होता. त्याच वर्षी वृत्तांतील चुका दाखविण्यासाठी ॲक्युरसी इन मीडिया ही संस्था स्थापन झाली. न्यूयॉर्क टाइम्सने १९७० मध्ये संपादकीय पानासमोर इतरांच्या मतांसाठी स्वतंत्र पान सुरू केले व १९७३ मध्ये निक्सन यांचे भाषणलेखक विल्यम सफायर यांना स्तंभलेखक म्हणून घेतले.

समतोलाचा नियम व त्याचा अंत : वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नांवर दुसऱ्या बाजूलाही वाव द्यावा, असा नियम संघीय दळणवळण आयोगाने १९४९ मध्ये प्रक्षेपण केंद्रांना घालून दिला. पेनसिल्व्हेनियातील रेड लायन येथील केंद्रावरून एका पुराणमतवादी धर्मोपदेशकाने एका लेखकावर टीका केली, तेव्हा त्या लेखकास उत्तराची संधी देण्याचा आदेश निघाला व सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तो वैध ठरविला. आयोगाने १९८७ मध्ये हा नियम रद्द केला. पुढच्याच वर्षी रश लिंबॉ (१९५१–२०२१) यांचा नभोवाणी कार्यक्रम देशभर सुरू झाला. संगीताचे श्रोते एफ्. एम्. केंद्रांकडे गेल्याने ओस पडलेल्या ए. एम्. केंद्रांना त्यामुळे नवा श्रोतृवर्ग मिळाला. ७ ऑक्टोबर १९९६ रोजी रूपर्ट मर्डॉक यांची फॉक्स न्यूज ही वाहिनी सुरू झाली. तिचे प्रमुख रॉजर एल्स हे १९६८ मध्ये निक्सन यांचे दूरचित्रवाणी-सल्लागार होते.

मूल्यमापन : वार्ताहरवर्गात उदारमतवाद्यांचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक पाहण्यांतून दिसून आले, परंतु व्यक्तिगत मतांवरून बातमीचा कल सिद्ध होत नाही, हा प्रतिवादही तितकाच महत्त्वाचा आहे. गॅलप पाहणीनुसार वृत्तमाध्यमांवर पुरेसा विश्वास असणारे लोक १९७६ मध्ये ७२ टक्के होते. २०२४ मध्ये ते ३१ टक्के उरले. या घसरणीची कारणे अनेक आहेत. अर्धशतकभर चाललेली ही समीक्षा त्यांपैकी एक मानली जाते.

समीक्षक स्वतःच माध्यम झाला, तेव्हा त्याच्यावरही तीच कसोटी आली. २०२० च्या निवडणुकीत मतयंत्रांद्वारे गैरप्रकार झाल्याचे दावे फॉक्स न्यूजवरून प्रसृत झाले. वाहिनीतील अनेकांचा खाजगीत त्यांवर विश्वास नव्हता. प्रेक्षक दुसरीकडे जातील ही धास्ती मात्र होती, असे दाव्यातील कागदपत्रांवरून उघड झाले. संबंधित विधाने खोटी असल्याचे न्यायालयाने नमूद केल्यावर एप्रिल २०२३ मध्ये वाहिनीने यंत्रनिर्मात्या कंपनीस ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन दावा मिटविला. मूठभरांच्या मक्तेदारीविरुद्धची तक्रार निराधार नव्हती. परंतु मक्तेदारी मोडल्यावर सत्यासत्याचा निवाडा कोणी करावा, याचे उत्तर या परंपरेला देता आलेले नाही. बक्लींनी १९६२ मध्ये स्वीकारलेली जबाबदारी पार पाडणे, वाचकांच्या व प्रेक्षकांच्या अनुनयावर जगणाऱ्या भाष्यकाराला अधिकाधिक कठीण होत गेले, हे तिच्या इतिहासावरून स्पष्ट होते.