मौ॥ ते ;पत्ता : लिहिण्याचा वेळ वाचवण्याची मराठी गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना झालेले ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ काढून टाकलेत, बाकी सगळं तसंच.

सुरुवात तिसगावपासून. अहिल्यानगरहून पाथर्डीकडे निघालात की करंजीचा घाट ओलांडल्यावर हे बाजाराचं गाव लागतं. मढीचं कानिफनाथांचं ठिकाण इथून जवळच. अशा गावात ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान असतंच. अशाच एका दुकानात मी माझ्या कामासाठी रांगेत बसलो होतो. कॉम्प्युटरवरचा पोरगा विशीतला. त्याची बोटं बघत होतो. त्यानं अर्धविराम दाबला, ‘पत्ता’ लिहिलं, स्पेस दिली आणि स्क्रीनवर आपोआप आलं: ‘मु. पो. तिसगाव, ता. पाथर्डी, जि. ...’ पुढे सगळं. परत दोन अक्षरं, की ‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ हे अख्खं वाक्य हजर. मी म्हटलं, “भारी आहे रे!” तो म्हणाला, “दादा, दिवसाला तेच तेच पन्नास वेळा कोण टाइप करणार?”

याला म्हणतात टेक्स्ट एक्सपान्शन. तुम्ही छोटा संकेत लिहायचा, सॉफ्टवेअरनं त्याचा पूर्ण मजकूर करायचा.

तेवढ्यात रांगेतले एक आजोबा पुढे आले. प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला पिवळा कागद काढला. “पोरा, हे जरा मराठीत टाइप करून दे.” पोरानं कागद उलटा केला, सुलटा केला. “बाबा, हे मोडी आहे. मला नाही येत.” आजोबा म्हणाले, “आरं, मराठीच हाय ते. माझ्या आजाचं हाय.”

दोघंही खरंच बोलत होते, आणि आजचा भाग त्यावरच आहे. वेळ वाचवायला माणूस लिहिणं छोटं करतो. पण छोटं केलेलं कुणीतरी परत मोठं करावंच लागतं. ते काम कोण करतं, यावर सगळं ठरतं.

बोरू उचलायचा नाही

मोडी लिपीचं श्रेय परंपरेनं हेमाद्रीला, म्हणजे आपल्या हेमाडपंताला दिलं जातं. १३व्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे, महादेव आणि रामचंद्र या राजांच्या काळात तो मंत्री होता. लिपी त्यानंच काढली हे सगळे संशोधक मानत नाहीत. पण लिपी कशासाठी घडली ते तिच्याकडे बघूनच कळतं: वेगासाठी.

देवनागरीत आपण अक्षर काढतो, मग वर रेघ देतो, हात उचलतो, पुढचं अक्षर काढतो. मोडीत कारकून आधी कागदभर आडव्या रेघा मारून घ्यायचा. मग त्या रेघेला अक्षरं टांगत सुटायचा. बोरू शक्यतो उचलायचाच नाही. दोन शब्दांत जागा नाही. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखाच.

आणि त्यावर संक्षेप! ‘मौजे’ हा शब्द दिवसातून शंभरदा येणार, मग लिहा ‘मौ॥’. ‘राजश्री’ झालं ‘रा॥’. ‘मशारनिल्हे’, म्हणजे ज्याचा वर उल्लेख झालाय तो इसम, त्याचं झालं ‘मा।निले’. तारखेआधी ‘चंद्र’ लिहायचं, तर नुसता ‘छ’ पुरे. त्या दोन उभ्या रेघा दिसल्या की वाचणारा समजायचा, इथे शब्द मोडलाय, आपण मनात पुरा करायचा.

आता गंमत बघा. अक्षरापुढे ‘॥’ आलं की शब्द तोडलाय. आणि आकड्यापुढे आलं तर? ‘३॥’ म्हणजे साडेतीन! तीच खूण, पण तिथे तिचा अर्थ अर्धा. कारकुनाला हे शिकवावं लागत नव्हतं, रोजच्या वापरातलं होतं. आज मात्र शिकावं लागतं.

डोक्यात साठवलेले साचे

नुसते शब्द नाही, अख्खी वाक्यंही ठरलेली होती. कुणाला लिहिताना कुठला मायना घालायचा, वडिलांना काय, बरोबरीच्याला काय, सरदाराला काय, याचे नियम सांगणारी ‘मेस्तकं’ असायची. हेमाडपंताच्या नावावरही एक मेस्तक आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर ही टेम्प्लेटची वही.

बाळाजी आवजी चिटणीसांची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. शिवाजी महाराजांनी पत्र लिहायला सांगितलं, कामाच्या गडबडीत राहून गेलं, आणि महाराजांनी ‘वाचा’ म्हटल्यावर बाळाजींनी कोरा कागद समोर धरून पत्र घडाघडा वाचून दाखवलं. ही आख्यायिका आहे, पुरावा म्हणून घेऊ नका. पण ती लोकांना खरी का वाटली? कारण चांगल्या चिटणिसाच्या डोक्यात पत्राचा साचा तयार असतो, हे सगळ्यांना माहीत होतं. नाव, गाव, कारण बदललं की पत्र तयार.

आणि हे सगळं संपलं असं समजू नका. शाळेत पत्रलेखनाला पाच मार्क असायचे, आठवतंय? ‘ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.’ शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. आपल्यातल्या कित्येकांनी ही अक्षरं लिहिली, मार्कही घेतले, पण त्यांचा पूर्ण अर्थ माहीत नव्हता. संक्षेप उरला, उलगडा हरवला. असं एका पत्राच्या मायन्यात झालं तर हसून सोडून देता येतं. जमिनीच्या कागदात झालं तर?

लिहिणाऱ्याचा वेळ, वाचणाऱ्याचं डोकं

१८१८ मध्ये पेशवाई संपली, पण मोडी संपली नाही. इंग्रजांच्या राज्यातही कुलकर्णी-पाटलांचे कागद, हिशेब, खतं मोडीतच चालू राहिली. छापखाना आणि शाळा मात्र बाळबोध, म्हणजे आपल्या देवनागरीकडे झुकल्या. १९५०च्या सुमारास मोडी सरकारी वापरातून गेली. एका पिढीनं लिहिलं, पुढच्या पिढीला वाचता येईना.

पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तर आहे, मोडीचे कोट्यवधी कागद. गो. स. सरदेसाई आणि त्यांच्या मदतनिसांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडलेले कागद ४५ खंडांत छापले. ते ४५ खंड म्हणजे हातानं केलेलं टेक्स्ट एक्सपान्शनच समजा. एकेक ‘मा।निले’ कुणीतरी डोळ्यांत तेल घालून वाचलाय. आणि एवढं करूनही दप्तराचा फार थोडा भाग उजेडात आला.

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचं काम सुरू झालं. जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधायच्या होत्या, आणि मोडी वाचणाऱ्यांची एकदम गरज भासली. आरक्षणाच्या वादात आपण इथे जात नाही. पण लक्षात घ्या, लाखो लोकांचं लक्ष लागलेला प्रश्न, आणि चावी कुणाकडे? मोडी येणाऱ्या मोजक्या माणसांकडे. ज्या कारकुनानं घाईत दोन अक्षरं वाचवली, त्याची किंमत दीडशे वर्षांनी दुसरंच कुणीतरी मोजत होतं.

तार आणि सातबारा

मधल्या काळात दोन युक्त्या निघाल्या. दोन्ही आपल्या घरातल्या.

पहिली तार. १८५४ मध्ये मुंबई तारेनं कलकत्त्याला जोडली गेली. तारेत शब्दामागे पैसे, त्यामुळे माणूस शब्द मोजून लिहायचा. पुढे टपाल-तार खात्यानं शुभेच्छांची वाक्यं ठरवून त्यांना क्रमांक दिले. लग्नाला एक, दिवाळीला एक, परीक्षेत पास झालात तर वेगळा. तुम्ही नंबर सांगायचा, तारमास्तर तेवढाच नंबर पाठवणार, आणि पलीकडचा तारमास्तर यादी बघून पूर्ण वाक्य लिहून देणार. नवरदेवाच्या हातात नंबर नाही, अख्खा आशीर्वाद पडायचा! इथे मोडीपेक्षा मोठा फरक आहे. उलगडायचं काम वाचणाऱ्यावर टाकलेलं नाही, मधल्या माणसानं केलंय. ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

दुसरी युक्ती सातबारा. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. दोन छापील नमुन्यांचे नुसते आकडे, पण तिसगावच्या बाजारात कुणालाही ‘सातबारा’ म्हणा, त्याच्या डोळ्यासमोर जमीनच येते. छापील नमुना आला की कारकुनाला दरवेळी ‘मौजे अमुक, तालुका तमुक’ लिहावं लागत नाही, रकाना भरला की झालं. रबरी शिक्काही त्याच जातीचा. एक ठोका, तीन ओळी.

टाइपरायटरवर मात्र सुटका नव्हती. गोदरेजनं १९५५ मध्ये भारतीय बनावटीचं टाइपरायटर आणलं, गावोगावी टायपिंगचे क्लास निघाले, आणि कारकुनाच्या नोकरीसाठी मराठी मिनिटाला ३० शब्द हे माप पोरांच्या डोक्यात बसलं. तिथे प्रत्येक अक्षर बोटानंच ठोकायचं. ‘जिल्हाधिकारी’ शंभरदा आलं तर शंभरदा.

मग यंत्र शिकलं

१९९३ मध्ये मायक्रोसॉफ्ट वर्डच्या सहाव्या आवृत्तीत ऑटोकरेक्ट आलं. चुकीची स्पेलिंग आपोआप सुधारायला ते होतं, पण लोकांच्या लगेच लक्षात आलं, की यात आपला संकेत भरला तर पूर्ण वाक्यही येतं. २००३ मध्ये विंडोजसाठी ऑटोहॉटकी आलं, २००६ मध्ये मॅकसाठी टेक्स्टएक्सपांडर, आणि अलीकडचं फुकट मिळणारं एस्पान्सो.

तुमच्या फोनमध्येही हे आहे. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘डिक्शनरी’त जा, ‘पर्सनल डिक्शनरी’त पूर्ण मजकूर आणि त्याचा शॉर्टकट भरा. शॉर्टकट लिहिला की वरच्या पट्टीत मजकूर दिसेल, त्यावर टॅप करायचं. आयफोनवर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘टेक्स्ट रिप्लेसमेंट’ आहे. एक पथ्य पाळा: शॉर्टकट असा घ्या जो एरवी लिहिण्यात येत नाही. नुसतं ‘पत्ता’ ठेवलंत तर ‘त्याचा पत्ता नाही’ लिहितानाही तुमचं घर मध्ये घुसेल. म्हणून आधी अर्धविराम. आणि आधार नंबर, पासवर्ड असलं काही त्यात भरू नका.

इतिहासाच्या नजरेनं बघितलं तर इथे एक मोठी गोष्ट झाली. मोडीत लिहिणाऱ्याचा वेळ वाचला आणि ओझं वाचणाऱ्यावर पडलं. इथे लिहिणाऱ्याचा वेळ वाचतो, तरी वाचणाऱ्याला पूर्ण वाक्य मिळतं. शंभर वर्षांनी तो कागद कुणी उघडला, तर त्याला ‘;पत्ता’ दिसणार नाही, तिसगाव दिसेल.

पण वाचायचं कुणी?

तरी एक फट राहतेच. परत त्या दुकानात येऊ. माझा अर्ज छापून आला, मी सही केली, घरी गेलो. रात्री बघतो तर जिल्ह्याचं नाव जुनंच! २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं, पण पोराच्या शॉर्टकटमध्ये जुना मजकूर होता. त्या दिवशी किती अर्जांवर तो गेला असेल कोण जाणे. चूक एकट्या त्याची नाही, न वाचता सही मीही केली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं एका जागी दुरुस्ती केली आणि पुढचे सगळे अर्ज बरोबर. हाच या युक्तीचा फायदा आणि हाच धोका: एक दुरुस्ती सगळीकडे जाते, आणि एक चूकसुद्धा.

तिथे बसलेले एक गुरुजी हसून म्हणाले, “आम्ही ‘जि. अ.नगर’ लिहायचो, आम्हाला काही बदलावं लागलं नाही!” खरंच की. अहमदनगर असो की अहिल्यानगर, ‘अ.नगर’ दोन्हीला चालतं. पण शंभर वर्षांनी तारीख फाटलेला तो कागद कुणाच्या हाती लागला, तर त्याला कसं कळणार की लिहिणाऱ्याच्या मनात कुठलं नाव होतं? आजही ‘कु.’ म्हणजे कुमार की कुमारी? ‘ता.’ म्हणजे तालुका की तारीख? आपल्याला कळतं, कारण आपण आजचे आहोत.

आजोबांचा कागद पुढे नगरला एका मोडी जाणकाराकडे गेला. ते खरेदीखत निघालं. त्यांनी अक्षरं सरसर वाचली, पण एका ‘॥’पाशी अडले. नाव की गाव, ठरेना. शेवटी खाली तेच गाव एकदा पूर्ण लिहिलेलं सापडलं, आणि वरची गाठ सुटली. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या लिहिणाऱ्यानं एकदा तरी पूर्ण लिहायचा कंटाळा केला नाही, म्हणून!

लिपी मात्र अगदीच मेलेली नाही, बरं का. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, आणि तिथे संक्षेपासाठी वेगळी खूणही दिली आहे. म्हणजे तो संक्षेप आज टाइप करता येतो. तो उलगडायला मात्र अजून माणूसच लागतो.

तर या भागाचा गृहपाठ. एक, फोनमध्ये तुमच्या पत्त्याचा शॉर्टकट आज करा, आणि पाठवण्याआधी आलेला मजकूर वाचा. दोन, घरात, माळ्यावर, ट्रंकेत पिवळे कागद असतील तर त्यांचे उजेडात नीट फोटो काढून ठेवा. लॅमिनेशन नका करू, कागद खराब होतो. आणि आजी-आजोबांना विचारा, आपल्या घरात मोडी कोण वाचायचं? ज्यांना शक्य आहे त्यांनी शिका, वर्ग चालतात. वाचता येणारी माणसं जितकी जास्त, तितके पिशवीतले कागद कमी.

भेटू पुढच्या भागात. क. लो. अ. ही वि.

बघा, उलगडता येतंय का!