कोळीगीत

कोळीगीत : उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील कोळी समाजाची गाणी. त्याचबरोबर दर्या, होडी, कोळीवाडा हे विषय घेऊन ठरावीक डुलत्या ठेक्यात बांधलेले कोणतेही मराठी गाणे. आज दोन्ही अर्थ रूढ आहेत; दुसरा अधिक.

वसई तालुक्यातील पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा या मच्छीमार वस्त्यांसारख्या ठिकाणी गाण्यांची जात प्रसंगावरून ठरे : हळदीची, शिमग्याची, नारळी पुनवेची. किनारपट्टीच्या या भागात लग्नविधीतील गाणी म्हणजे धवले, ती म्हणणारी धवलारीण. आपल्याच गाण्याला ‘कोळी’ विशेषण लावण्याचे घरात कारण नव्हते. ती गरज ऐकणाऱ्या परक्यांची.

ध्वनिमुद्रिकांनी हे नाव घरोघरी नेले, पण अर्थ बदलून. ‘वादळवारं सुटलं गो’, ‘मी डोलकर’, ‘राजा सारंगा’ ही सर्वांत गाजलेली कोळीगीते लिहिली शांता शेळके यांनी. त्यांचा जन्म १९२२ मध्ये इंदापूरचा, म्हणजे समुद्रापासून चांगलाच दूर. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. ‘मी डोलकर’मध्ये लता मंगेशकरांसोबत आवाज बंगाली गायक हेमंतकुमारांचा. गाणी उत्तमच आहेत, पण ती भावगीताच्या घरची. शाळांच्या स्नेहसंमेलनांतून मात्र हीच ‘पारंपरिक’ ठरली : तिकोनी रुमाल, हातात पुठ्ठ्याचे वल्हे.

कॅसेटच्या काळात वेसाव्याच्या ‘वेसावकर आणि मंडळी’सारख्या संचांमुळे गाणारे पुन्हा कोळीवाड्यातले झाले. पुढे आगरी गायकांची गाणी व एकवीरा आईची भक्तिगीते यांत मिसळून ‘आगरी-कोळी गीते’ असे जोडनाव पडले. आता विरारच्या टॉवरमधल्या हळदीत, यजमान कोणत्याही जातीचे असोत, डीजेकडे कोळीगीताची फर्माईश होते. तिथे या नावाने ठेका तेवढा मागितलेला असतो.

वसईत हे नाव आणखी एका कारणाने तोकडे पडते. पोर्तुगीज अमलात (१५३४–१७३९) इथल्या किनाऱ्यावरील अनेक कोळी कुटुंबे ख्रिस्ती झाली. लग्नगीते बोलीतच राहिली, वरातीला ब्रास बँड आला. ‘गल्यान साखली सोन्याची’ हे गाणे ईस्ट इंडियन (उत्तर कोकणातील स्थानिक ख्रिस्ती) समाज आपले लग्नगीत मानतो, तर इतर मराठी श्रोते त्याला कोळीगीत म्हणतात. ईस्ट इंडियन या नावाखाली कोळ्यांबरोबर शेतकरी, भंडारी, कुंभार असे अनेक मूळ व्यवसायगट येतात, त्यामुळे ‘कोळीगीत’ म्हणताच त्यांतले बरेच गाणारे वगळले जातात. पोर्तुगीजांवरील चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या विजयावर वसईचा इतिहास संपवणाऱ्यांना ही गाणी कुठे ठेवावीत हे कळत नाही. ईस्ट इंडियन समाजाच्या जुन्या मेळ्यांत घुमट हे मातीचे चर्मवाद्य वाजे. बाजारातल्या कोळीगीतांत तो क्वचितच ऐकू येतो.