मकबरा आणि तलावाकांठची कबर

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथील बीबी का मकबरा प्रेमाचें स्मारक म्हणून दाखविला जातो. तेथें चिरनिद्रा घेणारी दिलरसबानू इराणच्या सफवी राजवंशांतली. १६३७ सालीं तिचा औरंगजेबाशीं विवाह झाला. १६५७ सालीं ती निवर्तली. मकबऱ्यास ६,६८,२०३ रुपये ७ आणे लागले, अशी नोंद गुलाम मुस्तफाच्या तारीखनाम्यांत आहे.

मात्र 'मासिर-उल-उमरा' या ग्रंथांत औरंगजेबाच्या अनावर प्रीतीची जी कथा आहे, ती हिराबाईची. ती त्याच्या मावशीच्या घरची गाणारी दासी. बऱ्हाणपुराजवळ जैनाबादच्या बागेंत तिला पाहून तो शाहजादा भान विसरला. ती तरुणपणींच वारली. औरंगाबादेंत मोठ्या तलावाकांठीं तिला पुरलें.

फिट्झजेराल्डच्या १९२५ च्या अमेरिकन कादंबरींत गॅट्सबी अमाप धन मिळवितो; तरी प्रेयसीच्या घराण्याची पायरी त्यास चढतां येत नाहीं. येथें धन शाहजाद्याचेंच होतें, तरीहि संगमरवरी घुमट राजकन्येस लाभला. दिलरसवर त्याची माया नव्हती, असें नव्हे. पण मकबरा पाहतांना त्या तलावाकांठच्या दासीचीहि आठवण ठेवावी, एवढेंच सांगणें.