खोगीरभरतीची लोकर

कर्जत लोकलने उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर करत ऐकत असाल, तर आजची गोष्ट तुमच्याच वाटेवरची आहे. गोष्ट आहे लोकरीची.

बदलापूर हे नाव कसं पडलं? इथे प्रवासात घोडे बदलायचे म्हणून, असं सांगतात. आता घोडा आला की खोगीर आलं. खोगिराच्या पोटात स्वस्तातलं, टाकाऊ काहीही कोंबायचं. त्यावरून आपला शब्द, ‘खोगीरभरती’.

घोडेवाल्या, मेंढ्यांच्या त्या जगात न विणलेलं लोकरीचं कापडही होतं. बुरणूस म्हणा, जेन म्हणा. पिंजारी लोकर पिंजायचे, थर लावायचे, पाणी मारून गुंडाळायचे आणि दाबत, तुडवत राहायचे. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ते एकमेकांत अडकले की सुटत नाहीत. स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला की आटतो ना, अगदी तेच!

एकोणिसाव्या शतकात कारखान्यांनी पाण्याऐवजी सुया आणल्या. सुईला बारीक खाचा, त्या तंतूंना आत ओढतात. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या कलाकारांनी हीच सुई हातात धरली आणि नीडल फेल्टिंगचा छंद सुरू झाला.

त्यात लांब फर कशी करतात? आधी आखूड, राठ लोकर टोचून टोचून प्राण्याचं घट्ट अंग बनवायचं. मग लांब तंतूंची बट आडवी ठेवून मधोमध टोचायची, दुमडायची, दुमडीवर पुन्हा टोचायची. सुरुवात खालून, ओळ चढवत वर. कौलं शाकारतो तशी. वरची ओळ खालचे टाके झाकते.

आता परत आपल्या भागात या. दिवाळीनंतर पारनेरकडचे धनगर मेंढपाळ घाट उतरून मुरबाड, भिवंडीकडे येतात. कापणी झालेल्या भातशेतात मेंढ्या बसवतात, शेताला खत मिळतं. या दख्खनी मेंढीची लोकर आखूड, राठ आणि बरीचशी काळी. घोंगडीला उत्तम, मऊ सुटाला नाही. ठाण्यात 1925 साली सुरू झालेल्या रेमंडच्या गिरणीने आधी सैन्यासाठी ब्लँकेटं केली. पुढे तिचं नाव झालं ते सुटाच्या कापडावर, आणि त्याला लागते ऑस्ट्रेलियाची मऊ मेरिनो. घोंगडीची जागा स्वस्त सिंथेटिक ब्लँकेटने घेतली. आज अनेक मेंढपाळांना लोकरीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही. मग ती फेकून दिली जाते.

या लोकरीची लांब फर होणार नाही, हे खरंच. पण आतलं अंग? त्याला हवी असते नेमकी हीच लोकर. अंग घट्ट नसेल, तर वरची मेरिनो बोटाने ओढताच हातात येते. तेव्हा फेल्टिंग शिकत असाल, तर या हिवाळ्यात मुरबाडकडच्या एखाद्या वाड्यावर जा आणि मूठभर काळी लोकर विकत घ्या. हो, विकत! जिला आपण खोगीरभरती ठरवलंय, तिला निदान भाव तरी विचारू.

भेटू पुढच्या भागात!